मोड आणि जोड



वारज्याच्या ज्या भागात आम्ही राहतो, तेथे दिवाळीच्या आधी एक देखावा दरवर्षी पाहावयास मिळतो. घरोघरचे माळे रिकामे होऊ लागतात. भंगारवाल्याची हातगाडी फाटकाशी उभी राहते आणि तिच्यावर रद्दी, पत्र्याचे डबे, मोडके पंखे यांच्या जोडीला अलीकडच्या वर्षांत आणखी एक वस्तू दिसू लागली आहे. ती म्हणजे जुना संगणक. ज्या पेटीपायी एकेकाळी कुटुंबाने हप्ते भरले, जिच्यावर रुमाल घालून जिला धुळीपासून जपले, ती पेटी आता ताणकाट्याला अडकवून किलोच्या भावाने तोलली जाते. तिच्या पोटात काय आहे, याची विचारपूस देणारा करीत नाही आणि घेणारालाही ती करण्याची गरज पडत नाही.

हा देखावा पाहून आमच्या मनात आपल्या भाषेतले दोन जुने शब्द उभे राहिले. एक मोड आणि दुसरा जोड. आपल्याकडे जुने दागिने सोनाराकडे मोडीत घालतात. तांबट आळीत जुनी घागर नेली, की तिची मोड धरून नवी घागर देत. मोडीत धातू तेवढा उरतो, घडण जाते. कारागिराने ठोकून ठोकून जो आकार दिला, त्याची किंमत शून्य धरली जाते. जोडीचे तसे नाही. आजीची जुनी लुगडी एकावर एक घालून गोधडी शिवली, तर लुगड्याचे कापड कापडच राहते. पुण्यातले जुने वाडे पाडले, की त्यांची सागवानी तुळई दुसऱ्याच्या घरात तुळई म्हणूनच लागे. जोडीत घडण वाचते. जुन्या संगणकाचे भाग काढून त्यांतून नवा संगणक उभा करणे ही या अर्थाने जोड आहे. तोच संगणक फोडून त्यातले तांबे आणि सोने काढणे ही मोड आहे.

गणकयंत्रांचा इतिहास बहुधा नव्या यंत्रांचा इतिहास म्हणूनच सांगितला जातो. आज आम्ही जुन्या यंत्रांचा सांगणार आहोत, कारण आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न काही कालचा नव्हे. साठ वर्षांपूर्वी मुंबईत तो मोठ्या प्रमाणावर उपस्थित झाला होता आणि त्याचे पडसाद थेट लोकसभेपर्यंत गेले होते.

प्रथम त्या काळची मुंबई डोळ्यांपुढे आणू. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी १९५४ च्या सुमारास स्वतःचे गणकयंत्र बांधावयास घेतले. १९५६ अखेर त्याचा छोटा नमुना चालू झाला आणि १९६० च्या फेब्रुवारीत पूर्ण यंत्र कामास लागले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नाव ‘टिफ्रॅक’ असे ठेवले. यंत्र आपल्या माणसांनी आखले आणि आपल्या माणसांनी जोडले. त्याची प्रत्येक तार कोठून कोठे जाते, हे सांगणारा माणूस त्याच इमारतीत बसलेला असे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

त्याच मुंबईत १९६१ साली एस्सो या तेल कंपनीच्या कचेरीत एक निराळे यंत्र आले, आय.बी.एम. १४०१. अमेरिकेत ते १९५९ च्या ऑक्टोबरात जाहीर झाले होते. त्यात निर्वात नळ्या नव्हत्या, ट्रान्झिस्टर होते. त्याला जोडलेला छापयंत्राचा संच मिनिटाला ६०० ओळी छापी आणि वाचकयंत्र मिनिटाला ८०० छिद्रित कार्डे वाची. रेल्वे, विमा, तेल आणि बँका यांच्या पगारपत्रकांना व हिशेबांना हे यंत्र फार मानवले. जगभर अशी बारा हजारांहून अधिक यंत्रे तयार झाली.

या यंत्राची रचना आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्याचे मंडल अखंड नव्हते. अडीच इंच रुंद आणि साडेचार इंच लांब अशा छोट्या छोट्या पट्ट्यांवर दोन-चार ट्रान्झिस्टर व काही रोधक बसविलेले असत. अशा शेकडो पट्ट्या दारासारख्या उघडणाऱ्या चौकटींत ओळीने खोचलेल्या असत. एखादी बिघडली, तर ती उपसून तिच्या जागी दुसरी खोचावी, की यंत्र चालू. ज्या यंत्राचा असा भाग न् भाग सुटा होतो, ते यंत्र कधी एकदम मरत नाही. त्याचे चांगले भाग निवडावे, झिजलेले बदलावे, आणि पुन्हा एक धडधाकट यंत्र उभे करावे, हे त्याच्या बाबतीत सहज शक्य होते.

आणि हेच मुंबईत घडले. अमेरिकेतील व युरोपातील गिऱ्हाईकांनी वापरून परत केलेली १४०१ यंत्रे आय.बी.एम. कंपनी जहाजाने मुंबईस आणी. तेथील कारखान्यात ती खोलून, स्वच्छ करून, निकामी भाग बदलून, तपासून पुन्हा जुळविली जात आणि मग भारतीय कचेऱ्यांना भाड्याने दिली जात. साठीच्या दशकात व सत्तरीच्या पहिल्या वर्षांत भारतात जी गणकयंत्रे बसली, त्यांतील बहुतेक याच कंपनीची होती आणि त्यांत या पुनर्घटित १४०१ चा भरणा मोठा होता. ज्याला आज आपण घरगुती हौस समजतो, ते काम त्या वेळी एक कारखाना पगारी कामगारांकडून, वेळापत्रकाप्रमाणे करीत होता. आपल्या देशातील गणकयुगाचा पाया बऱ्याच अंशी जुन्या यंत्रांच्या जोडीवर घातला गेला, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

मग तक्रार कशाबद्दल होती? यंत्रे जुनी होती, एवढीच तक्रार असती तर ती पोकळ ठरली असती. पगारपत्रक करणाऱ्या यंत्राला कालचे किंवा आजचे असण्याशी कर्तव्य नसते. खरा आक्षेप भाड्याचा आणि किल्लीचा होता. जे यंत्र परदेशात आपली किंमत फेडून मोकळे झाले, त्याचे भाडे येथे जवळजवळ नव्याप्रमाणे का द्यावे, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५-७६ मध्ये सरकारी खात्यांतील गणकयंत्रांची झडती घेतली आणि या व्यवहारावर कडक ताशेरे ओढले. कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. तिने शेकडो भारतीयांना यंत्रशिक्षण दिले. तिची सेवा तत्पर होती आणि परकीय चलनाच्या टंचाईत रुपयांत भाडे घेऊन यंत्र मिळणे ही लहान सोय नव्हती. परंतु यंत्र गिऱ्हाइकाच्या मालकीचे नव्हते. ते उघडण्याचा अधिकार, त्याचे भाग आणि ते पुढे कधी बदलावयाचे याचा निर्णय कंपनीपाशी होता. हात आमचे होते, पण काय राखावे आणि काय टाकावे हे दुसरा ठरवीत होता. टिफ्रॅकशी तुलना केली म्हणजे हा भेद स्पष्ट होतो.

१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यान्वये परदेशी कंपन्यांना भारतातील आपला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणण्यास सांगण्यात आले. आय.बी.एम.ने ते मान्य केले नाही. जनता सरकारच्या काळात, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना वाटाघाटी फिसकटल्या आणि १९७८ साली कंपनीने भारतातील काम आवरले. मागे राहिली ती यंत्रे. ज्यांचे उत्पादन जगात कोठेही होत नव्हते, ज्यांच्या निर्मात्याने देश सोडला होता आणि ज्यांच्यावर रेल्वेचे व कारखान्यांचे पगार अवलंबून होते, अशी ती यंत्रे होती.

ती कोणी चालविली? आपल्याच माणसांनी. सरकारने १९७५ साली ‘कॉम्प्युटर मेन्टेनन्स’ या नावाची संस्था काढून ठेवली होती, तीच पुढे सी.एम.सी. म्हणून प्रसिद्धीस आली. देशभरातील आठशेहून अधिक ठिकाणच्या आय.बी.एम. यंत्रांची देखभाल तिने अंगावर घेतली. कंपनीतून बाहेर पडलेल्या काही कर्मचाऱ्यांनी स्वतःची निराळी कंपनी काढली. ज्या यंत्राचे उत्पादन बंद झाले, त्याचा सुटा भाग मिळण्याची हुकमी जागा म्हणजे तसल्याच दुसऱ्या यंत्राचे पोट. ज्यांनी कारखान्यात यंत्रे खोलली व जुळविली होती, त्यांची विद्या या दिवसांत उपयोगी पडली. जोडकामाने पैसा कोणाचा किती वाचला याचा हिशेब वादाचा असेल. परंतु त्या कामाने माणसे तयार झाली, याविषयी वाद होऊ नये.

यानंतर जे घडले ते इतिहासाच्या विनोदबुद्धीचे उदाहरण म्हणावे लागेल. ज्या कंपनीने मुंबईत किल्ली आपल्या कमरेला लावली होती, तिनेच भारत सोडल्यावर तीन वर्षांनी, १९८१ च्या ऑगस्टात, एक छोटा संगणक बाजारात आणला आणि त्याच्या मंडलांचे आराखडे पुस्तिकेत छापून टाकले. घाई असल्यामुळे तिने बहुतेक भाग बाजारातून तयार घेतले होते आणि पेटीत इतरांची कार्डे बसावीत म्हणून खाचा मोकळ्या ठेवल्या होत्या. लवकरच इतर कंपन्या त्याच मापाचे संगणक करू लागल्या. भाग कोणाचाही असो, माप एक, अशी स्थिती आली. १९९५ साली इंटेल कंपनीने ‘एटीएक्स’ नावाचे माप ठरवून दिले. त्यात मदरबोर्डाला पेच कोठे असावे आणि विजेची जोडणी कशी असावी हे निश्चित झाले. लोहाराच्या आणि सुताराच्या धंद्यात माप ठरल्याने जे होते, तेच येथे झाले. एकाची वस्तू दुसऱ्याच्या वस्तूत बसू लागली.

भारतात १९८४ च्या नोव्हेंबरात राजीव गांधींच्या सरकारने नवे संगणक धोरण जाहीर करून आयातीचे निर्बंध सैल केले. मग मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली यांना नवे दिवस आले. नावात तपकीर, दुकानात विजेचे सामान, आणि गल्ल्यावरच्या मुलाला कोणत्या बोर्डाला कोणती रॅम लागते हे तोंडपाठ! ‘असेंबल्ड’ हा शब्द मध्यमवर्गीय घरांत याच काळात रूढ झाला. कंपनीचा संगणक परवडत नसे, तो भाग आणून जुळवून घ्यावयाचा. पुढे नवा घेताना जुन्याची पेटी, पडदा आणि कळफलक ठेवून आतले तेवढे बदलावयाचे. पुण्यातील एका पिढीने संगणक पाहिला तो असा, झाकण काढलेला.

हे केवळ गरिबाचे शास्त्र आहे, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. अमेरिकेत टेनेसी राज्यातील ओक रिज येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हारग्रोव्ह व फॉरेस्ट हॉफमन या दोघा शास्त्रज्ञांना १९९६ च्या सुमारास महासंगणक हवा होता आणि त्यासाठी पैसे मंजूर झाले नाहीत. त्यांनी प्रयोगशाळेतले टाकून दिलेले संगणक गोळा केले, त्यांतील भाग इकडचे तिकडे केले आणि ते एकमेकांस जोडून एक यंत्र उभारले. कालांतराने त्यात शंभराहून अधिक संगणक झाले. एक बिघडला की तो काढून दुसरा लावावयाचा. नुसता दगड घेऊन आलेल्या वाटसरूने गावकऱ्यांकडून एकेक जिन्नस मिळवून सार शिजविल्याची एक लोककथा तिकडे आहे, तिच्यावरून त्यांनी यंत्राचे नाव ठेविले. त्या यंत्रावर त्यांनी अमेरिकेचे हवा, माती व भूरचना यांनुसार विभाग पाडणारे नकाशे केले. काम खरे होते आणि यंत्र भंगारातले होते.

आता वारज्याकडे परत येऊ. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली आणि जून महिन्यात शाळा पडद्यावर भरू लागल्या. आमच्या इमारतीच्या राखणदाराची मुलगी दहावीत गेलेली. घरात फोन एक, तो वडिलांपाशी. आम्ही व आमचे एक शेजारी यांनी जिन्याखाली पडलेली यंत्रे तपासावयास घेतली. दुकाने बंद, तेव्हा नवा भाग आणण्याची वाट नव्हती. जे होते त्यातच भागवावयाचे होते.

यंत्रे तीन निघाली. पहिल्याच्या मदरबोर्डावरील कपॅसिटरांची डोकी फुगली होती, म्हणजे तो बोर्ड गेला. पण त्याचा वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात, आणि त्याची हार्ड डिस्क धड होती. दुसऱ्याचा बोर्ड चांगला, पण वीजपुरवठा जळालेला. दोघांच्या वयात चार-पाच वर्षांचे अंतर, कंपन्या निराळ्या. तरी पहिल्याच्या पुरवठ्याची जोडणी दुसऱ्याच्या बोर्डात बरोबर बसली. १९९५ साली ठरलेल्या त्या मापाचे आम्ही मनातल्या मनात आभार मानले. रॅमने मात्र दगा दिला. पहिल्यातली डीडीआर-२, दुसऱ्याला हवी डीडीआर-३. दोहोंना २४० पाय, परंतु मधली खाच वेगळ्या जागी, कारण एकीला १.८ व्होल्ट लागतात आणि दुसरीला १.५. चुकीची पट्टी कोणी बळेच खोचू नये म्हणून ती खाच ठेवलेली. अखेर शेजारच्या इमारतीतील एका बंद यंत्रातून डीडीआर-३ ची पट्टी मिळाली.

पेटीला वीज दिली तर नुसती ‘टूं टूं’. मुलगी बाजूला उभी होती. तिने विचारले, “काका, ते असे का ओरडते?” आम्ही म्हणालो, “त्याला स्मरण सापडत नाही.” पट्टी काढून तिचे पितळी दिसणारे पाय, जे वास्तविक सोन्याचा मुलामा दिलेले असतात, तिच्याच कंपासपेटीतल्या खोडरबराने घासले. पुन्हा बसविली आणि पडद्यावर अक्षरे उमटली. घड्याळाचा तीन व्होल्टांचा सेल बदलला, प्रोसेसरवरील सुकलेला लेप खरवडून नवा लावला, डिस्कवरील जुन्या मालकाचे कागदपत्र त्याला विचारून कायमचे पुसले आणि फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली चढविली. चौथ्या दिवशी मुलगी वर्गात हजर झाली.

तिसरे यंत्र म्हणजे एक पातळ, देखणा लॅपटॉप. तिघांत तोच वयाने लहान, पण त्याचा उपयोग शून्य. त्याची रॅम बोर्डाला डाक लावून पक्की केलेली, बॅटरी गोंदाने चिकटविलेली. पडदा फुटला म्हणून सारेच गेले. १९५९ च्या यंत्राचा प्रत्येक भाग हाताने उपसता येत होता आणि अलीकडच्या यंत्राचा एकही येत नव्हता. ज्याचा सांधा सुटत नाही त्याची जोड होऊ शकत नाही, त्याच्या नशिबी मोडच. ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले, त्याचे महत्त्व यात आहे. वस्तू विकत घेतली, तर ती उघडण्याचा, तिचे भाग व माहितीपुस्तिका मिळण्याचा अधिकार ग्राहकास असावा, हा तो प्रश्न. लोकलेखा समितीपुढे जो किल्लीचा प्रश्न होता, तोच हा, फक्त कचेरीतून घरात आलेला.

मोडीची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. तो फुगलेला बोर्ड कोठेतरी गेलाच पाहिजे होता. एक टन मंडलांत जेवढे सोने असते, तेवढे खाणीतल्या एक टन दगडात नसते. पण ते उघड्यावर आम्लात बुडवून किंवा तारा जाळून काढले, तर काढणाराच्या फुप्फुसात शिसे आणि विष जाते. पुण्यात कचरावेचक स्त्रियांनी १९९३ साली कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. या कामाला मान आणि हातमोजे दोन्ही लागतात, हे त्यांनी शहराला शिकविले. ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून अमलात आहेत आणि २०२३ पासून त्यांचे नवे रूप लागू झाले आहे. तरीही २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन शुद्ध झाला.

म्हणून आमचे म्हणणे क्रमाविषयी आहे. आधी जोड, मग मोड. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २००४ च्या अभ्यासात असे दिसले, की एक संगणक व त्याचा जुन्या धर्तीचा पडदा घडविण्यास २४० किलो इंधन, २२ किलो रसायने आणि १,५०० किलो पाणी लागते. मोडीत धातू थोडा परत मिळतो. हे इंधन आणि हे पाणी परत मिळत नाही. ते घडणीत गेलेले असते, आणि घडण वाचवावयाची तर यंत्र जसेच्या तसे वापरात ठेवावे लागते.

त्या मुलीच्या संगणकाची हकीकत सांगून संपवितो. आठ महिन्यांनी त्याची हार्ड डिस्क टक टक करू लागली. ती आमच्याकडे आली ती दुरुस्त करून द्या म्हणून नव्हे, तर स्क्रू-ड्रायव्हर मागावयास. वडिलांबरोबर तपकीर गल्लीत जाऊन तिने वापरलेली एक डिस्क घासाघीस करून आणली होती. तिने ती स्वतः बसविली, प्रणाली स्वतः चढविली आणि दोन दिवसांनी स्क्रू-ड्रायव्हर परत केला. पहिल्या डिस्कचे काय केलेस, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, “काका, ती उघडून बघते आहे, मग भंगारात देईन.”